मुरूम दरवेळी कमी का पडतो?

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जरी जुळलं तरी पुढे वाचा.

– हिशेबात वीस ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आले, वीस ब्रास पडलेसुद्धा, आणि जोतं, म्हणजे घराचा चौथरा, अजून वीतभर रिकामं.
– उलटं: काम संपलं आणि दारात चार-पाच ट्रॉल्यांचा ढीग उरला. आता तो कुणी न्यायचा यावरून वाद.
– पायाचे खड्डे कागदावर पंधरा ब्रासचे, आणि माती उचलणारा तेवीस ब्रासचे पैसे मागतोय.
– भराव झाला, लेव्हल लागली, लादीही बसली. पहिल्या पावसाळ्यानंतर कोपरे खचले, लादी पोकळ वाजायला लागली.
– एकाच जागेचे मालक, मिस्त्री आणि गाडीवाला यांचे तीन वेगळे आकडे.

घरबांधणीच्या साइटवर सुपरवायझरी करताना हा घोळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मला पाठ असतं: "गाडीवाल्यानं माप मारलं." कधीकधी मारलेलं असतंही. पण बहुतेक वेळा माप कागदावरच चुकलेलं असतं, आणि बिचारा ड्रायव्हर उगाच शिव्या खातो. म्हणून मी तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करतो. भांडण सगळ्यात शेवटी.

कागद पुन्हा काढा

खर्च काही नाही, वेळ दहा मिनिटं. पहिली नजर इंचांवर. दोन फूट सहा इंच म्हणजे २.५ फूट, लोक लिहितात २.६. त्याहून घातक दोन फूट दहा इंच. मोबाइलवर सरळ २.१० टाइप होतं, आणि दहा इंच सहा इंचांपेक्षा लहान होऊन बसतात! खरा आकडा २.८३. हजार चौरस फुटांच्या जोत्यात या एका टिंबापायी सात ब्रासहून जास्त मुरूम गायब होतो. इंचाला बारानं भागायचं आणि मग फुटात मिळवायचं, एवढंच.

दुसरी नजर "ब्रास" या शब्दावर. मुरूम, वाळू, खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, मीटरमध्ये साधारण २.८३ घनमीटर. पण प्लास्टर आणि फरशीवाले १०० चौरस फुटांनाही ब्रासच म्हणतात. एका मालकानं फरशीवाल्याकडून "जोतं साडेदहा ब्रास आहे" असं ऐकलं आणि तेवढा मुरूम मागवला. ते क्षेत्रफळ होतं. खोलीचा त्यात पत्ताच नव्हता.

कुठून कुठपर्यंत भरायचं?

इथे सगळ्यात जास्त चूक होते आणि ती टेपनं निस्तरता येते. उदाहरण म्हणून एक नेहमीचं घर घेऊ: बाहेरून ३० बाय ४०, जोत्याची उंची ३ फूट. सरळ गुणाकार केला की ३,६०० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास. बरेच जण इथेच थांबतात.

आता आत उतरा. मुरूम भिंतींच्या जागेत जात नाही, खोल्यांच्या जागेत जातो. प्रत्येक खोली आतून मोजा, बेरीज करा. या घराची ती १,०४० चौरस फूट आली. उंचीचंही तसंच. तीन फूट ही फरशीच्या वरच्या पृष्ठभागाची उंची. तिच्या खाली फरशी आणि तिचा माल ३ इंच, पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) ४ इंच, डबराचं सोलिंग (मोठ्या दगडांचा थर) ९ इंच. एकूण १६ इंच मुरमाचे नाहीत. ३६ मधून १६ गेले, उरले २०. पण काम सुरू करताना वरची गवताची, मुळ्यांची सहा इंच माती खरडून काढली होती ना? तेवढा खड्डाही मुरमानंच भरायचा. म्हणजे २६ इंच, २.१७ फूट.

१,०४० गुणिले २.१७ म्हणजे साधारण २,२५० घनफूट. साडेबावीस ब्रास. छत्तीस कुठे आणि साडेबावीस कुठे!

लगेच ऑर्डर देऊ नका. हे साडेबावीस ठोकून बसलेल्या मुरमाचे आहेत, आणि ट्रॉलीतून येतो तो सुटा.

तेलाच्या डब्याची परीक्षा

माती तीन रूपांत भेटते: जमिनीत मुरलेली, खणून सुटी झालेली आणि धुमसून, म्हणजे ठोकून, बसवलेली. वजन तेच, जागा वेगळी. खणली की ती फुगते. रेताड माती दहा-पंधरा टक्के, साधी माती आणि मुरूम वीस-तीस टक्के, चिकण काळी तीस-चाळीसपर्यंत, आणि फोडलेला खडक पन्नास टक्क्यांच्या पुढेही. पाणी मारून धुमसली की ती पुन्हा आकसते. हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या खाणीतला मुरूम किती बसतो हे तुमचा डबा सांगेल.

पंधरा किलोचा पत्र्याचा तेलाचा डबा घ्या. बादली नको. बादली खाली निमुळती असते, तिच्यातली उंची फसवते. डब्याचं झाकण पूर्ण कापा, आणि पत्रा फुगू नये म्हणून चारही बाजूंनी विटा लावा. ट्रॉलीतला मुरूम फावड्यानं हलकेच, काठोकाठ भरा, दाबायचं नाही. मग सगळा एका गोणपाटावर ओता आणि तोच मुरूम परत तीन थरांत भरा. प्रत्येक थराला थोडं पाणी शिंपडायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यानं पंचवीस-तीस ठोके द्यायचे. शेवटी वरून पट्टी घालून किती इंच रिकामं राहिलं ते बघा.

परवाच्या मुरमाला डबा १४ इंच होता आणि भर ११ इंच २ सुतांवर थांबली (आठ सुतांचा एक इंच). ११.२५ भागिले १४, म्हणजे ०.८०. शंभर घनफूट सुटा मुरूम जोत्यात ऐंशी होणार.

इथे एक बारीक खोच आहे. "वीस टक्के कमी होतो ना, मग वीस टक्के जास्त मागवू" असं म्हणाल तर पुन्हा कमी पडेल. वीस ब्रास बसलेला हवा असेल तर २० भागिले ०.८०, म्हणजे २५ ब्रास सुटा लागतो. वीस टक्के वाढवून चोवीसच होतात. गुणायचं नाही, भागायचं. आपल्या साडेबावीसचे यानं २८ ब्रास होतात.

आता ट्रॉली मोजा, पण रिकामी

ट्रॉलीला "एक ब्रास" म्हणायची पद्धत आहे. हौद्यात चढून टेप लावला की कळतं. माझ्या वहीतली शेवटची ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, आणि फाळक्याची (बाजूच्या फळीची) उंची दीड फूट. काठोकाठ ९० घनफूट. काठाच्या वर शीग (ढीग) लावली तर शंभराला टेकते, पण शीग मधोमध असते आणि कोपरे बऱ्याचदा काठाच्या खाली असतात. शिवाय खाणीपासून साइटपर्यंतच्या खड्ड्यांत माल वाटेतच थोडा बसतो. म्हणून माप नेमकं कुठे घ्यायचं, खाणीवर की दारात, हे आधी ठरवा. मी दारात घेतो. आडवी फळी काठावर ठेवून चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी माल किती खाली किंवा वर आहे ते बघायचं, सरासरी काढायची. गाडीवाल्यासमोरच मोजा, चोरून नको. पहिल्या दोन गाड्या मोजल्या की पुढच्या आपोआप नीट भरून येतात.

गाडी रिकामी होऊन गेली असेल तर ढीग मोजता येतो. ढिगाला पायथ्याशी दोरी गुंडाळा. परीघाचा वर्ग करा, उंचीनं गुणा, ३७.७ नं भागा. परीघ ३१ फूट, उंची ४ फूट असेल तर जवळपास १०२ घनफूट. हे गोल, टोकदार ढिगाचं गणित आहे. ट्रॉलीचा ढीग लांबट पडतो, म्हणून याला अंदाज म्हणायचं, पुरावा नाही.

०.९ ब्रासच्या ट्रॉलीनं आपले २८ ब्रास आणायला एकतीस-बत्तीस खेपा लागतील. आता गंमत बघा. सरळ गुणाकारवाल्याचे छत्तीस आले होते. त्यानं छत्तीस ट्रॉल्या मागवल्या, चार-पाच उरल्या, त्या अंगणात पसरल्या, आणि तो गावभर सांगत सुटला की हिशेबबिशेब काही लागत नाही. दोन उलट्या चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. पुढच्या वेळी त्याच्या शिकलेल्या पोरानं आतली मापं व्यवस्थित घेतली, साडेबावीस काढले आणि तेवीस ट्रॉल्या मागवल्या. आठ-नऊ ट्रॉल्या कमी पडल्या. बापानं पोराच्या शिक्षणाचा उद्धार केला, आणि अर्धी चूक सुधारणारा पोरगाच होता!

जमीन सपाट दिसते, असते का?

इथपर्यंत सगळं बरोबर आलं आणि तरी तूट राहिली, तर जमिनीचा उतार तपासायचा. चार कोपऱ्यांची खोली मोजून सरासरी काढायची सवय असते. मधे खळगा असला की ती सरासरी खोटी.

पारदर्शक लेव्हलची नळी आणा, चाळीस-पन्नास फूट. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा राहिला तरी लेव्हल खोटी दाखवते. नळीची दोन्ही टोकं आधी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते बघा, मगच कामाला लागा. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली की उन्हातही पातळी ठळक दिसते. आणि वाचताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढा. हे लिहायला नको खरं तर, पण दर दोन-तीन साइटमागे एकदा तरी कुणीतरी अंगठा दाबून ठेवलेला असतोच.

प्लॉटची लांबी-रुंदी निम्मी करा. ३० बाय ४० च्या जागेत असे नऊ बिंदू मिळतात. प्रत्येक ठिकाणी भरावाच्या वरच्या पातळीपासून जमीन किती खाली आहे ते लिहा. एका मोकळ्या जागेवरचे माझे आकडे, फुटांत:

१.० – १.५ – २.०
२.० – ३.५ – ३.०
२.० – ३.० – ३.०

चार कोपऱ्यांची सरासरी दोन फूट, म्हणजे २४ ब्रास. आता नीट करू. कोपऱ्याचा बिंदू एकाच चौकोनाला लागतो, कडेचा दोन चौकोनांना, मधला चौघांना. म्हणून कोपरे एकदा धरायचे (बेरीज ८), कडेचे दोनदा (९.५ चे १९), मधला चारदा (१४). एकूण ४१, भागिले १६. सरासरी २.५६ फूट, आणि भराव पावणेएकतीस ब्रास. मधल्या एका खळग्यानं आणि उताराच्या बाजूनं मिळून जवळपास सात ब्रास खाल्ले, आणि हे बसलेले ब्रास आहेत. जागा जास्त उंचसखल असेल तर दर दहा फुटांवर बिंदू घ्या.

खोदाईतला वाद

बारा खड्डे, ५ बाय ५ बाय ५. कागदावर १,५०० घनफूट, पंधरा ब्रास. पण खड्डा कधी पेटीसारखा उभा निघत नाही. जेसीबीचं बकेट कड ओढतं, माती ढासळते, आणि माणसाला आत उभं राहायला जागा लागते. तळ ५ बाय ५ असला तरी तोंड ६ बाय ६ होतं. अशा खड्ड्याचं माप काढताना वरचं क्षेत्रफळ (३६), मधल्या उंचीवरचं क्षेत्रफळ चारदा (साडेपाचचा वर्ग ३०.२५, त्याचे १२१) आणि तळाचं (२५) यांची बेरीज करून सहानं भागायचं, मग खोलीनं गुणायचं. १५२ घनफूट. बारा खड्ड्यांचे सव्वाअठरा ब्रास. खणून तीस टक्के फुगली की पावणेचोवीस. माती उचलणारा तेवीस ब्रासचे पैसे मागत होता तो हाच. खोटं बोलत नव्हता.

हेच सूत्र शेततळ्याला. २०१६ च्या "मागेल त्याला शेततळे" योजनेतलं मोठं शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं. सरळ गुणाकारानं २,७०० घनमीटर येतात. पण बाजू १:१ उताराच्या (जेवढं खाली तेवढंच आत) धरल्या तर तळ २४ बाय २४ राहतो आणि खोदाई भरते २,१९६ घनमीटर. फरक १७८ ब्रासचा. मशीनवाल्याशी घनमीटरवर बोली करणार असाल तर हा आकडा खिशात ठेवा.

खड्ड्यातून निघालेली माती जोत्यात भरून मुरूम वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. निघालेला मुरूम असेल तर खुशाल भरा. काळी माती असेल तर नको. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, आणि हा खेळ दरवर्षी फरशीखाली चालू राहतो. आणि बाहेरून मुरूम आणताना गाडीसोबत वाहतुकीचा पास आहे का ते बघा. विनापरवाना गौण खनिजाला (मुरूम, वाळू त्यातच येतात) जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

हिशेब बरोबर, तरी खचतंय

आता प्रश्न मापाचा नाही, बसवण्याचा आहे. भराव एकदम तीन फूट ओतून वरून पाणी सोडलं की वरचे सहा-आठ इंच घट्ट होतात आणि खाली पोकळ राहतं. सहा ते नऊ इंचांचे थर हवेत, प्रत्येक थर धुमसून. मुरूम किती ओला हवा? मूठभर घेऊन आवळा. गोळा झाला पाहिजे, आणि खाली टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तर कोरडा, हाताला चिखल लागला तर जास्त ओला. कोपऱ्यांत आणि भिंतीलगत मशीन पोचत नाही, तिथे हातधुमसच. खचतात तेही नेमके कोपरेच. जुनी माणसं जोतं भरून एक पावसाळा जाऊ देत. आज कुणाला तेवढा दम नाही. मग निदान थर तरी नीट घाला.

भराव झालाय आणि शंका आहे, तर १२ मिमीची सळई चार-पाच ठिकाणी अंगाच्या जोरानं दाबा. थोडी जाऊन अडली तर ठीक. एका ठिकाणी अडते आणि हातभर पलीकडे सरसर आत जाते, तर तिथला भराव उकरून परत थरांनी बसवायचा. फरशी घालायच्या आधी. नंतर हेच काम फरशीसकट पडतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

खड्डा किंवा चर दीड मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा खोल जात असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका. याचा हिशेबाशी संबंध नाही. एक ब्रास मातीचं वजन साडेचार-पाच टनांच्या घरात जातं, आणि ती ढासळताना आवाज देत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीलगत खोदायचं असेल तर खोली कितीही असो, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.

चार फुटांपेक्षा जास्त उंच भराव भिंतीनं अडवायचा असेल तर ती भिंत मिस्त्रीच्या अंदाजावर बांधू नका. ओल्या मातीचा रेटा विटेच्या भिंतीला बाहेर ढकलतो. भिंतीला पोट सुटलेलं दिसलं तर भराव थांबवा आणि पाणी मारणंही थांबवा.

जागेत बुजवलेली विहीर, जुना उकिरडा किंवा ओढ्याचं पात्र निघालं, किंवा कितीही मुरूम टाकला तरी जमीन गिळतच राहिली, तर मोजणं बंद. तिथे माती तपासणारा लागतो. गावातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारा, बुजवलेली विहीर त्यांनाच आठवत असते.

आणि जागा दहा-वीस गुंठ्यांची असेल, किंवा बिलाचा वाद सर्व्हेअरच्या फीपेक्षा मोठा झाला असेल, तर नळी बाजूला ठेवा. ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशनवाला (ही सर्व्हेची पातळी मोजायची यंत्रं) भरावाआधी एकदा आणि नंतर एकदा लेव्हल घेतो. आधीची घेतलेली नसेल तर त्यालाही मूळ जमीन कुठे होती हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणून पहिली ट्रॉली फाळका उघडायच्या आत त्याला बोलवा. तोवर तुमच्या नऊ आकड्यांच्या कागदावर तारीख घाला आणि गाडीवाल्याची सही घ्या.